एवढा मोठा भारत, मग बांगलादेश संत्र्यावर टॅक्स लावतोच कसा? प्रादेशिक सत्ता म्हणजे काय, साध्या भाषेत

वरुड-मोर्शीकडं संत्र्याचा विषय निघाला की बोलणं पाच मिनिटात बांगलादेशवर जातंच. नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. आणि तिथल्या सरकारनं २०१९ च्या आसपास किलोला साधारण २० रुपये असलेली इम्पोर्ट ड्युटी दरवर्षी थोडी थोडी वाढवत २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेली. म्हणजे इथं बागेत माल ज्या भावानं तुटतो त्याच्या कितीतरी जास्त तर नुसता तिकडचा टॅक्स. तिकडं जाणारे ट्रक कमी झाले, व्यापारी आंबिया बहाराचे सौदे करताना हात आखडायला लागले, आणि पानठेल्यावर एक प्रश्न हमखास येऊ लागला, "आपण चंद्रावर यान उतरवलं, अन् हा एवढासा बांगलादेश आपल्या संत्र्याले एवढा टॅक्स कायले लावते? अन् आपलं सरकार त्याले काऊन काही म्हणत नाही?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. टीव्हीवर रोज "विश्वगुरू", "महासत्ता" ऐकल्यावर कोणालाही पडेल. पण उत्तर द्यायचं तर आंतरराष्ट्रीय राजकारणातली एक कल्पना समजून घ्यावी लागते, तिला प्रादेशिक सत्ता म्हणतात, इंग्रजी पेपरात रीजनल पॉवर लिहितात ती हीच.

महासत्ता वेगळी, प्रादेशिक सत्ता वेगळी

ज्या देशाचं जगात कुठंही चालतं, कुठल्याही समुद्रात ज्याचं आरमार उभं राहू शकतं आणि ज्याच्या नोटेवर दुसऱ्या देशांचा व्यवहार चालतो ती महासत्ता. आज असा पूर्ण अर्थानं देश एकच, अमेरिका, आणि चीन त्या जागेच्या मागं लागलाय. प्रादेशिक सत्ता म्हणजे आपल्या आजूबाजूच्या भागात जो सगळ्यात वजनदार आहे, ज्याला विचारल्याशिवाय त्या भागातला मोठा निर्णय सहसा होत नाही, पण त्या भागाच्या बाहेर ज्याचा जोर कमी कमी होत जातो तो देश. दक्षिण आशियात भारत, दक्षिण अमेरिकेत ब्राझील, आफ्रिकेच्या दक्षिणेला दक्षिण आफ्रिका, पश्चिमेला नायजेरिया, ही नेहमीची नावं.

सगळीकडं असा एकच मोठा असतो असं नाही. इराण, सौदी, तुर्कस्तान, इस्राएल यांच्याकडं बघा, चौघंही वजनदार, चौघांनाही आपलंच चालावं असं वाटतं, म्हणून तिकडं कोणाचंच पूर्ण चालत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सौदी आणि इराणचं जुळलं ते पार बीजिंगला जाऊन, चीनच्या मध्यस्थीनं. घरच्या भांडणाला बाहेरचा पंच बोलवावा लागला यातच सगळं आलं.

पैसा, लोकसंख्या, फौज असली की झालं ना?

नाही ना, इथंच गडबड होते. समजा गावात एका कास्तकाराचं वावर सगळ्यात मोठं आहे, तेही मधोमध, आणि बाकी सगळ्यांचे धुरे त्याच्या धुऱ्याला लागून आहेत पण एकमेकांना लागून नाहीत. पांदण त्याच्याच वावरातून जाते. ट्रॅक्टर त्याच्याकडं, मे महिन्यात पाणी फक्त त्याच्या विहिरीला. आता या माणसाशिवाय कोणाचं भागत नाही हे खरं, पण म्हणून सगळे त्याचं ऐकतात का? उलट त्यानं एक दिवस पांदणीवर काटेरी फांदी टाकली तर ती वर्षानुवर्ष लोक विसरत नाहीत, आणि दहा वेळा ट्रॅक्टर दिलेला कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि तेवढ्यात बाहेरगावचा कोणी सावकार आला, म्हणाला मी देतो तुम्हाला पैसे, तर लोक त्याच्याही ओट्यावर जाऊन बसतात, व्याज किती हे नंतर बघू म्हणून.

दक्षिण आशियाचा नकाशा समोर घ्या, अगदी असाच आहे. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान सगळ्यांची हद्द भारताला लागते, श्रीलंका आणि मालदीव समुद्रातून जवळ, पण पाकिस्तान-अफगाणिस्तान सोडले तर या शेजाऱ्यांची एकमेकांशी हद्दच नाही. नेपाळला समुद्र नाही, त्याचा माल कोलकाता-हल्दिया बंदरातून येतो. बांगलादेश तीन बाजूनं भारतानं वेढलेला. दक्षिण आशियाच्या एकूण अर्थव्यवस्थेतला तीन चतुर्थांशापेक्षा जास्त वाटा एकट्या भारताचा आहे. एवढं सगळं असून या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास, आणि आग्नेय आशियातल्या देशांमध्ये हेच प्रमाण साधारण २५ टक्के. हे देश एकत्र यावेत म्हणून १९८५ ला ढाक्यात सार्क नावाची संघटना काढली, तिची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादला होणार होती, उरीच्या हल्ल्यानंतर ती रद्द झाली ती झालीच.

म्हणून या विषयाचे अभ्यासक नुसतं वजन मोजत नाहीत. देश खरंच त्या भागाचा भाग आहे का, ताकद आहे का, ती वापरायची इच्छा आहे का, सगळ्यांच्या उपयोगाचं काही तो स्वतःच्या खर्चानं करतो का, आणि शेजारी त्याचं मोठेपण मान्य करतात का, हे सगळं बघतात. भारत पहिल्या दोन गोष्टीत आरामात पास. खरी परीक्षा शेवटच्या दोनची आहे, माझ्या मते तर शेवटच्या एकाचीच.

शेजारी ऐकत नसतील तर थोडा धाक दाखवावा ना!

हे वाक्य तर हमखास येतं. त्याला उत्तर द्यायला नेपाळची गोष्ट नीट सांगायला पाहिजे.

२०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, जवळपास ९ हजार माणसं गेली. भारताची विमानं, पथकं लगेच पोचली, कौतुकही झालं. मग २० सप्टेंबरला नेपाळनं नवी राज्यघटना लागू केली. तराईतले मधेशी लोक, ज्यांचं बिहार-यूपीशी रोटी-बेटीचं नातं आहे, त्यांना ती अन्यायकारक वाटली, ते सीमेवर येऊन बसले आणि रक्सौल-बीरगंजवरून जाणारे ट्रक थांबले. भारत म्हणाला आम्ही काही अडवलं नाही, तुमच्याच लोकांचं आंदोलन आहे. नेपाळी माणूस म्हणाला ही न सांगता केलेली नाकेबंदी आहे. खरं कोणाचं किती हा वाद आजही चालतो, पण चार महिन्यांच्या वर पेट्रोल, गॅस, औषधं यांचा तुटवडा राहिला, भूकंपात घर पडलेल्या माणसानं हिवाळा तसाच काढला.

भारताला काय मिळालं? घटनेत थोडी दुरुस्ती झाली, पण त्या रागावर स्वार होऊन के. पी. ओली राष्ट्रवादाचे नेते झाले, २०१६ च्या मार्चमध्ये बीजिंगला जाऊन चीनची बंदरं वापरण्याचा करार करून आले, २०१७ ची निवडणूक त्यांच्या आघाडीनं जिंकली. चीनची ती बंदरं हजारो किलोमीटर लांब आहेत, मधे हिमालय, त्यामुळं नेपाळचा माल आजही मुख्यतः भारतातूनच येतो. म्हणजे नेपाळची गरज तीच राहिली, फक्त भरवसा गेला.

त्याच्याही आधी १९८७ ला श्रीलंकेत आपली शांतिसेना गेली होती, तमिळ आणि सिंहली यांच्यात समेट करायला. झालं काय, की ज्या तमिळांसाठी गेलो त्यांच्याच लिट्टे या बंडखोर संघटनेशी लढाई जुंपली आणि सिंहलींनाही परकी फौज नकोच होती. जवळपास १२०० जवान गमावून १९९० च्या मार्चमध्ये फौज परत आली, आणि १९९१ ला, ती पाठवणाऱ्या राजीव गांधींची लिट्टेनं हत्या केली. पण फौज पाठवली की वाईटच होतं असंही नाही हं. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मालदीवमध्ये भाड्याच्या सैनिकांनी सत्ता उलथवायचा प्रयत्न केला तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः मदत मागितली, आग्र्याहून आपले पॅराट्रूपर उडाले आणि काही तासात बंड मोडलं. फरक एवढाच, की तिथं बोलावलं होतं आणि काम झाल्यावर मुख्य तुकडी लवकर परत फिरली.

हा त्रास फक्त भारताचाच नाही. नायजेरियानं २०२३ ला हेच करून बघितलं. शेजारच्या नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली, नायजेरिया त्या वेळी पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचा, इकोवासचा, अध्यक्ष होता. एक आठवड्याची मुदत दिली, फौज पाठवू म्हणाले, वीज तोडली. नायजरचे लष्करशहा ढिम्म. फौज काही गेली नाही, कारण नायजेरियातच लोक विरोधात गेले, सीमेच्या दोन्ही बाजूला एकच हौसा समाज आहे. आणि २०२५ च्या जानेवारीत नायजर, माली, बुर्किना फासो असे तिघंही इकोवासमधून बाहेर पडले. धमकी पूर्ण करता आली नाही की मोठ्याचं मोठेपण आणखी कमी होतं. याच इकोवासनं २०१७ ला गांबियात फौज आत घालून, निवडणूक हरलेल्या राष्ट्राध्यक्षाला खुर्ची सोडायला लावली होती, पण तेव्हा निवडून आलेला माणूसच मदत मागत होता.

मग गोडीगुलाबीनं तरी काम होतं का?

होतं, पण पूर्ण नाही. श्रीलंका २०२२ ला दिवाळखोर झाली, पेट्रोल पंपावर दिवसदिवस रांगा, राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. भारतानं त्या वर्षी जवळपास ४ अब्ज डॉलरची मदत केली, इंधन, खत, औषधं, उधारी, सगळं. पुढं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज मिळायला कर्जदात्यांची हमी लागत होती तीही भारतानं सगळ्यात आधी दिली. आणि तरीही त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये, भारताचा आक्षेप असताना, चीनचं युआन वांग ५ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारं जहाज हंबनटोटा बंदराला लागलंच. ते बंदर २०१७ पासून ९९ वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीकडं आहे.

मालदीवचंही तसंच. लोकसंख्या पाच लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी शहराएवढी. २०१४ ला माले शहराचा पाण्याचा प्लांट जळाला तर भारतानं विमानानं आणि जहाजानं पिण्याचं पाणी नेऊन दिलं. (आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर यायला किती दिवस लागतात ते राहू द्या.) २०२३ ला मुइझ्झू "इंडिया आउट" म्हणत राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, शंभरही नसलेले भारतीय लष्करी कर्मचारी २०२४ च्या मेपर्यंत परत पाठवायला लावले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉलर संपत आल्यावर दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदलीची सोय घेऊन गेले. भारतानं आकांडतांडव न करता सैनिकांच्या जागी साधे तंत्रज्ञ पाठवले आणि वाट बघितली. मला तरी वाटतं मागच्या काही वर्षातलं शेजाऱ्याशी वागण्याचं हे सगळ्यात शहाणं उदाहरण असेल, जरी व्हाट्सॲपवर त्या वेळी सगळे बॉयकॉट बॉयकॉट ओरडत होते.

लहान देशाच्या बाजूनं बघितलं तर हे समजतं. त्यांच्या नेत्याला मत मागताना "मी मोठ्या शेजाऱ्याला घाबरत नाही" हे दाखवावंच लागतं, आणि भारत-चीन दोघांना झुलवत ठेवलं तर दोघांकडून मिळतं. यात कृतघ्नपणा वगैरे नाही, तुम्ही-आम्ही त्यांच्या जागी असतो तर दुसरं काय केलं असतं.

मग चीनचं कसं जमतं?

जमतं तरी कुठं पूर्ण. दक्षिण चीन समुद्रात दादागिरी केली आणि फिलिपिन्स आणखी अमेरिकेकडं सरकलं. इतकंच की चीनकडं बंदर-रस्ते बांधायला पैसा जास्त आहे आणि दक्षिण आशियात तो लांबचा आहे, त्यामुळं त्याचा धाक रोज जाणवत नाही. जवळच्याचा जास्त जाणवतो.

आता संत्र्यावर येऊ

बांगलादेशनं ड्युटी का वाढवली? इकडं बरेच लोक म्हणतात, आपण त्यांचा कांदा बंद केला म्हणून त्यांनी आपला संत्रा बंद केला. यात थोडं तथ्य असू शकतं, पण एवढंच कारण नाही. २०२२ ला बांगलादेशकडं डॉलरची टंचाई झाली, तेव्हा त्यांनी चैनीच्या मालाबरोबर बाहेरून येणाऱ्या सगळ्याच फळांवर जादा ड्युटी लावली. तांदूळ, डिझेल थांबवता येत नाही, संत्रा थांबवता येतो.

पण कांद्याचा भाग सोडून चालणार नाही. भारतानं २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अचानक कांदा निर्यात बंद केली, २०२० ला पुन्हा, २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा. २०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा भर सभेत हसत हसत म्हणाल्या होत्या की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवत जा. सगळे हसले, पण टोमणा तो टोमणाच. कोरोनाच्या लसीचं तर आणखी मोठं झालं. बांगलादेशनं सीरमशी ३ कोटी डोसचा करार केला होता, त्यातले ७० लाख पोचले आणि २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं दुसरी लाट आल्यावर निर्यात थांबली, मग चीननं लस दिली. आपली माणसं मरत असताना लस बाहेर द्यायची का, हा प्रश्न सोपा नाही आणि मी तेव्हा सरकारच्या जागी असतो तर बहुतेक तेच केलं असतं. पण ढाक्यातल्या माणसाच्या डोक्यात हिशोब पक्का बसला की दिल्लीला स्वतःला गरज पडली की आपला नंबर शेवटी.

आणि भारत उलटून दबाव टाकू शकत नाही असं थोडीच आहे. टाकतो की. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हसीनांची सत्ता गेल्यावर संबंध बिघडले, २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतानं त्यांचा माल आपल्या विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशात पाठवायची सवलत काढली, त्यांनी जमिनीच्या मार्गानं येणारं आपलं सूत बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीची नाकी बंद केली, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरातून आणा म्हटलं. आता बघा, सूत कशाचं? कापसाचं. बांगलादेश भारतीय सुताचं आणि कापसाचं फार मोठं गिऱ्हाईक. दिल्ली आणि ढाका एकमेकांना चिमटे काढतात आणि वळ यवतमाळ-वर्ध्याच्या कापूसवाल्याच्या अंगावर उठतो. संत्र्याचंही तेच, २०२३ च्या शेवटी राज्य सरकारनं निम्म्या ड्युटीएवढं म्हणजे किलोला ४४ रुपये अनुदान जाहीर केलं होतं, म्हणजे ढाक्याच्या टॅक्सचा अर्धा भार मुंबईच्या तिजोरीवर.

पाकिस्तान मोजायचा की नाही?

मोजायचाच. भारताचं मोठेपण मान्य नाही असं उघड सांगणारा तो एकटा, आणि १९९८ पासून दोघंही उघड अणुबॉम्बवाले, त्यामुळं मोठा-लहान हे गणित तिथं वेगळं चालतं. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

आपल्यापेक्षा मोठा समोर आला की

प्रादेशिक सत्तेची एक गंमत आहे, घरात मोठी आणि बाहेर गेल्यावर तिच्यावरही कोणीतरी मोठं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ आणि मग रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५ असा मिळून ५० टक्के टॅरिफ लावला. चीन रशियाकडून भारतापेक्षा जास्त तेल घेत होता, त्याच्यावर तेलापायी असा दंड नाही लागला, कारण चीन दुर्मिळ खनिजं अडवून अमेरिकेचे कारखाने बंद पाडू शकतो. आपल्याकडं अडवायला तसं काही नव्हतं. त्याच महिन्यात, १९ ऑगस्टपासून, भारतानं परदेशी कापसावरची ११ टक्के इम्पोर्ट ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. सरकार म्हणालं कापड गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून, शेतकरी संघटना म्हणाल्या अमेरिकेला खूश करायला. कारण काहीही असो, आपल्याकडं कापूस वेचणीला येतो तो काळ बरोबर हाच. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता आणि बाहेरच्या कापसाला दार सताड उघडं.

ढाका जे दिल्लीबद्दल बोलतं तेच आपण त्या वेळी वॉशिंग्टनबद्दल बोलत होतो, मोठा आहे म्हणून काहीही करतो काय वगैरे.

पुढं कशाकडं लक्ष ठेवायचं

एक चांगली गोष्ट आधी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांचा करार झाला, नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला द्यायचा. हसीना गेल्यावर झाला, म्हणजे राजकारण बिघडलेलं असतानाही. ४० मेगावॅट म्हणजे काहीच नाही, आपल्या कोराडी-चंद्रपूरच्या प्लांटपुढं तर थेंबभर. पण मधोमध बसलेल्या देशानं रस्ता अडवण्याऐवजी भाड्यानं दिला, आणि असा रस्ता बंद व्हावा असं मग तिघांपैकी कोणालाच वाटत नाही.

आणि अवघड गोष्ट म्हणजे गंगेचं पाणी. फराक्का धरणावरचा भारत-बांगलादेश पाणीवाटप करार १२ डिसेंबर १९९६ ला ३० वर्षांसाठी झाला, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरमध्ये त्याची मुदत संपते. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांसाठी तो आहे, फराक्क्याला पाणी ७० हजार क्युसेकच्या आत असेल तर अर्धं अर्धं, ७० ते ७५ हजारांच्या मधे असेल तर बांगलादेशला ३५ हजार आणि उरलेलं भारताला, त्याच्या वर गेलं तर भारताला ४० हजार आणि बाकी त्यांना. दिल्लीला यात एकटीला ठरवताही येत नाही, कारण पाणी पश्चिम बंगालमधून जातं. २०११ ला तिस्ता नदीचा करार जवळपास झाला होता, ममता बॅनर्जींनी नाही म्हटलं आणि तो तिथंच अडकला. १९९६ च्या करारावर सह्या होत्या देवेगौडा आणि शेख हसीना यांच्या. हसीना २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारतात आल्या, आणि ढाक्यानं त्यांना परत द्या अशी मागणी दिल्लीकडं लेखी केलेली आहे.